आखाताचं मिठागर होऊ देऊ नका

दुबई, अबुधाबी, दोहा, बहारीन, कुवेत, दम्माम इथं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांत आणि किनाऱ्यावरच्या बांधकामांत काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना, केमिस्टना, ऑपरेटरांना आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

आज सकाळी तुम्ही चहाचं आधण ठेवलंत ते पाणी काही दिवसांपूर्वी समुद्रात होतं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर राहणाऱ्या बहुतेकांची हीच गोष्ट आहे. मी तिथल्या एका डिसॅलिनेशन प्लांटच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं शिफ्ट केली. आता उरणला घरी आहे. हे पत्र मराठीत लिहितोय, कारण मी जिथं जिथं काम केलं तिथं व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यापासून अहवालावर सही करणाऱ्यापर्यंत कुठेतरी आपला माणूस होताच. इंग्रजीतले अहवाल तुम्ही रोज वाचता, सही करता आणि फायलीत लावता. हे त्या फायलीत जाऊ नये एवढीच इच्छा.

माझे वडील मिठागरात कामाला होते. भरतीचं पाणी पहिल्या मोठ्या वाफ्यात घ्यायचं, उघाडी, म्हणजे बांधातलं दार, बंद करायची, उन्हात तापू द्यायचं, मग दुसऱ्या वाफ्यात, मग तिसऱ्या. प्रत्येक वाफ्यात पाणी आधीपेक्षा थोडं जड. काचेचा मापक पाण्यात तरंगत ठेवून ते डिग्री वाचायचे. समुद्राचं पाणी तीनसाडेतीन डिग्रीचं. पंचवीसच्या आसपास पोचलं की तळाला मीठ धरायला लागतं. मी पुढे कॉलेजात घनता, क्षारता, बोमे मापन असं सगळं शिकलो, पण पाणी उन्हानं जड होतं आणि जड पाणी खाली बसतं, हे मला वाफ्याच्या बांधावर सातव्या-आठव्या वर्षीच कळलं होतं. आखाताबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी थोडा हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत.

आखाताचं क्षेत्रफळ सुमारे २.४ लाख चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली अवघी ३५ मीटर. म्हणजे एवढ्या खोलीत बारा-तेरा मजली इमारत उभी केली तर तिची गच्ची पाण्याबाहेर राहील. एवढ्या उथळ, एवढ्या तापलेल्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन उडतो. दीड मीटर धरला तरी ३६० घनकिलोमीटर पाणी झालं. आपलं कोयना धरण पूर्ण भरलं की त्यात १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे ३ घनकिलोमीटर पाणी मावतं. सूर्य आखातातून दरवर्षी किमान १२० कोयना उचलून नेतो.

परत काय येतं? अरबी किनाऱ्यावर वर्षभराचा पाऊस बहुतेक ठिकाणी १०० मिलिमीटरच्या आतच. रत्नागिरीत ३ हजारांच्या वर पडतो, त्याच्याशी तुलना करून बघा. सगळ्या आखातावर पडणारा पाऊस धरला तर पाच-सात कोयना. संपूर्ण अरबी द्वीपकल्पातून बारमाही वाहणारी एकही नदी आखाताला मिळत नाही. मोठी नदी एकच, वायव्येच्या टोकाला: युफ्रेटिस आणि टायग्रिस एकत्र होऊन बनणारी शत अल-अरब, जिला पुढे इराणची करून नदी मिळते. जुन्या अंदाजांनुसार तिनं वर्षाला दहा-पंधरा कोयना पाणी आणावं. एकूण जमा वीसच्या आसपास आणि खर्च १२०. उरलेली शंभर कोयनांची तूट होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, बाहेरच्या समुद्रातून भरून येते. अरुंद जागी ही सामुद्रधुनी ४० किलोमीटरच्या आसपास रुंद आहे.

इथवर ऐकलं तर आखात म्हणजे एक प्रचंड मिठागरच वाटतं. एका बाजूनं समुद्र आत येतो, ऊन पाणी नेतं, मीठ मागं राहतं. मग हजारो वर्षांत त्याचं मीठ का झालं नाही? तिथं अजून मासे का आहेत?

कारण त्याला तळातून वाट आहे.

आपली कोकणातली खाडी आठवा. पावसाळ्यात वरून नदीचं गोडं पाणी येतं. ते हलकं, म्हणून वरच्या थरानं समुद्राकडे धावतं. समुद्राचं खारं पाणी जड, ते तळानं आत सरकत येतं. वर बाहेर, खाली आत. आखातात हे नेमकं उलटं चालतं. बाहेरून येणारं पाणी तुलनेनं कमी खारं, म्हणजे किलोला साडेछत्तीस-सदतीस ग्रॅम क्षार असलेलं. ते हलकं, म्हणून वरून आत येतं आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे ओढलं जाऊन इराणच्या किनाऱ्याला धरून वायव्येकडे जातं. जाता जाता आटतं, खारट होतं. हिवाळ्यात शमाल, म्हणजे वायव्येचा वारा, सुटला, त्या कोरड्या थंड वाऱ्यानं पाणी गार झालं की आधीच खारं असलेलं पाणी आणखी जड होतं आणि बुडतं. उत्तरेच्या टोकाला आणि दक्षिणेच्या उथळ बाजूला, म्हणजे तुमच्या किनाऱ्यांसमोर, हे जड पाणी तयार होतं. मग ते तळाच्या उतारानं खोल भागाकडे घसरत, होर्मुझच्या तळातून बाहेर पडतं. तेव्हा त्यात किलोमागे सुमारे ४० ग्रॅम क्षार असतात.

शमाल सुटला की तुम्ही खिडक्या बंद करता आणि गाडीवरची धूळ पुसता. मीही तेच केलं. त्या वाऱ्याशिवाय आखाताला श्वास घेता येणार नाही हे मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्यात दक्षिणेचं पाणी खूप खारं असतं, पण इतकं तापलेलं असतं की फार जड होत नाही. मीठ उन्हाळ्यातही असतं, बुडवतो तो हिवाळा.

या तळातल्या प्रवाहाचा आकार किती? होर्मुझमध्ये प्रत्यक्ष मोजमाप झालं आहे. तळानं बाहेर जाणारं खारं पाणी सेकंदाला दीड लाख घनमीटरच्या आसपास भरतं. वर्षाचे दीड हजार कोयना. आता हे आकडे शेजारी ठेवा. ऊन नेतं १२०, पण त्या उन्हानं घडवलेल्या मिठाच्या वजनामुळे आखात बाहेरच्या समुद्राशी त्याच्या बारा-तेरा पट पाणी बदलून घेतं. पाणी पूर्ण बदलायला अंदाजे दोन ते पाच वर्षं लागतात. ज्या कोरड्या हवेनं आखात खारट केलं, तिनंच त्याचं चक्रही फिरतं ठेवलं आहे. मिठानंच मीठ बाहेर काढायची सोय झाली आहे. निसर्गाची एवढी नेटकी व्यवस्था मी दुसरी पाहिली नाही.

आणि ते पाणी बाहेर पडून जातं कुठं? ओमानच्या आखातात ते २०० ते ३५० मीटर खोलीवर उतरतं आणि तिथून अरबी समुद्रात पसरतं. त्या खोलीवरच्या जास्त क्षारतेवरून त्याची खूण दूरवर ओळखता येते. आपल्या अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत प्राणवायू फार कमी आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी तो एक. आखातातून येणारं पाणी त्या पट्ट्यात थोडा प्राणवायू घेऊन जातं. अबुधाबीतल्या संशोधकांचा २०१९ सालचा अभ्यास सांगतो की आखात आणखी तापलं तर हे पाणी पुरेसं जड राहणार नाही, आधीइतकं खोल उतरणार नाही आणि हा पट्टा आणखी गुदमरेल. म्हणजे तुमच्या बाल्कनीसमोरचं पाणी कसं बुडतं याचा संबंध माझ्या घरासमोरच्या समुद्राशी आहे.

ही वाट जिथं अडते तिथं काय होतं हे बघायला लांब जायला नको. बहारीन, सौदी आणि कतारच्या मध्ये सलवाचं आखात आहे. तोंडाशी बहारीन बेट, उथळ पुळण्या आणि आता पूल. आतलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. तिथं क्षारता किलोला ५५ ते ७० ग्रॅमपर्यंत चढते, जवळजवळ समुद्राच्या दुप्पट. अबुधाबीच्या पश्चिमेला गाडीनं गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या पापुद्र्याची सपाट जमीन लागते, सबखा. भरतीचं पाणी जिथं येतं पण परत जात नाही तिथं निसर्गानं स्वतःच मिठागर मांडलं आहे. आखाताची एक टोकाची अवस्था तुमच्या डोळ्यांसमोरच आहे.

आता कारखान्यांचा प्रश्न. त्यात मी स्वतःला वगळत नाही.

आपण आखातातून किती पाणी काढतो? ढोबळ हिशेबानं वर्षाला दोनेक कोयना. सूर्य १२०, आपण दोन. म्हणून “डिसॅलिनेशनमुळे आखात खारट होऊन मरणार” असं कुणी सांगितलं तर ते अतिशयोक्त आहे. अख्ख्या आखाताच्या सरासरीत आपला वाटा लहान आहे. त्याहून मोठा घाव नदीकडून बसतो आहे. १९९० च्या सुमारास तुर्कस्तानात अतातुर्क धरण भरायला घेतलं, युफ्रेटिस-टायग्रिसवर धरणं वाढत गेली, इराकच्या दलदली आटवल्या गेल्या, करूनचं पाणीही वळलं. आता आखाताचं पाणी शत अल-अरबमधून वर चढतं. २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात दूषित, खारट पाण्यामुळे १ लाख १८ हजारांवर माणसं रुग्णालयात दाखल झाली. ज्या नदीतून एकेकाळी कुवेतला होड्यांनी पिण्याचं पाणी नेत असत, तिच्या काठचं हे शहर. १९५० च्या दशकात कुवेतनं समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं, तोवर ती होड्यांची ये-जा चालू होती. हे वाचल्यापासून मला बसऱ्याचा विचार पाठ सोडत नाही.

पण सरासरी लहान आहे म्हणून आपण सुटलो असं नाही, कारण मासा सरासरीत राहत नाही. तो एका खाडीत, एका पुळणीवर राहतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानं मांडलं की हे कारखाने दर लिटर गोड्या पाण्यामागं सरासरी दीड लिटर ब्राइन, म्हणजे मागं उरलेलं जास्त खारं पाणी, समुद्रात सोडतात आणि जगातल्या एकूण ब्राइनपैकी ५५ टक्के फक्त चार देशांतून येतं: सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार. यातल्या सौदीचा एक किनारा तांबड्या समुद्राला आहे हे खरं, तरी आखातावरचा भार लक्षात यावा.

माझ्या कारखान्यात जे घडलं ते सांगतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही, कारण असं अनेक ठिकाणी घडत असणार. आम्ही बाहेर सोडलेल्या पाण्याचा नमुना धक्क्यावरून दोरीला बादली बांधून घ्यायचो. पृष्ठभागाचं पाणी. जुन्या वाफेच्या पद्धतीत ते चालून जायचं. त्या पद्धतीत सुटणारं पाणी खारं असलं तरी गरम असतं, कूलिंगच्या पाण्यात मिसळलेलं असतं आणि बरेचदा वरच पसरतं. पुढे आमच्याकडे आरओ आलं, मेंब्रेनची पद्धत. वीज कमी, खर्च कमी, चांगली गोष्ट. पण आरओचं ब्राइन समुद्राइतक्याच तापमानाचं आणि आखातासारख्या खाऱ्या पाण्यावर चालताना सत्तरीच्या घरात क्षार असलेलं. ते सरळ बुडतं. तळाला चादरीसारखं पसरतं. आमची बादली मात्र वरच बुडत राहिली. कागदावर आकडे उत्तम. त्या तक्त्यांवर माझी सही आहे.

मिठागरात वाढलेल्या माणसाला हे कळायला तीन वर्षं लागावीत याची मला लाज वाटते. पंपाच्या जाळ्या साफ करायला उतरणाऱ्या पाणबुड्यांपैकी एकानं सांगितलं की तळाजवळ पाणी “तेलासारखं थरथरतं”. दोन वेगळ्या घनतेची पाणी एकमेकांवर असली की नजरेला असंच दिसतं. मी वडिलांच्या वाफ्यात ते शंभरदा पाहिलं होतं. मग मी तळाचा नमुना घ्यायची परवानगी मागितली. नियमात नाही, असं उत्तर आलं. तिसऱ्या अर्जानंतर परवानगी मिळाली. मग आकडा बदलला आणि त्यानंतर आउटफॉलच्या, म्हणजे ब्राइन समुद्रात सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडाशी डिफ्यूजर बसवण्याची चर्चा तरी सुरू झाली.

तळ एवढा महत्त्वाचा का? कारण आखाताचं जगणं तळावर आहे. समुद्री गवत तळावर उगवतं आणि ते गवत खाऊन डुगाँग हे समुद्री सस्तन प्राणी जगतात. ऑस्ट्रेलियानंतर जगातला डुगाँगांचा सर्वांत मोठा समूह तुमच्या आखातात आहे, अबुधाबीच्या बेटांभोवती आणि बहारीन-कतारच्या मधल्या पाण्यात. १९८६ मध्ये तिथं ६०० हून अधिक डुगाँगांचा एकच कळप मोजला गेला होता. आपल्याकडच्या किती जणांनी तिथं वीस वर्षं काढूनही हे ऐकलेलं नसतं! प्रवाळही तळावरच. आखातातले प्रवाळ उन्हाळ्यात ३५-३६ अंशांपर्यंत तापलेलं आणि किलोला ४२ ग्रॅमच्या वर खारं पाणी सोसतात. जगात इतरत्र प्रवाळ याच्या किती तरी आधी मरतात. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांच्याही सोसण्याची हद्द संपली आणि अबुधाबीसमोरचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडून मेले. जो जीव आधीच शेवटच्या पायरीवर उभा आहे त्याला एक-दोन ग्रॅम मीठ आणि एक-दोन अंश उष्णता हा लहान धक्का नसतो.

बहारीन या शब्दाचा अर्थच दोन समुद्र. तिथले मोती काढणारे बुडी मारून समुद्राच्या तळातल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर चामडी पिशव्या भरून आणत. ते मोती विकायला मुंबईला यायचे. जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं तसे ते झरे आटत गेले. खाऱ्या समुद्राच्या बुडाशी गोडं पाणी असतं हे ज्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं, त्यांच्या नातवंडांना आपण तयार केलेलं पाणी प्यावं लागतं. ती जबाबदारी आपण पगारासकट घेतलेली आहे.

अडलेलं पाणी माणसाच्या कामामुळे कसं तयार होतं आणि ते कसं सोडवता येतं, याचं एक उदाहरण दुबईतच आहे. पाम जुमेरा या कृत्रिम बेटाभोवतीचा चंद्रकोरीसारखा बांध सलग होता तर आतल्या पाण्यात भरती-ओहोटी पुरेशी खेळली नसती, पाणी कुजलं असतं. म्हणून त्या बांधात मुद्दाम खिंडी ठेवल्या गेल्या. दगडाच्या भिंतीत दोन फटी, एवढंच. खारबंदिस्तीत उघाडी ठेवायला आपले आगरी शेतकरी चुकले नाहीत, तसंच ते आहे. प्रत्येक नव्या बेटाच्या, नव्या मरिनाच्या, नव्या भरावाच्या नकाशावर हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा की आत आलेलं पाणी बाहेर कुठून जाणार?

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही परदेशी नोकरदार आहात, राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे, घरी हप्ते आहेत. रस्त्यावर उतरा किंवा वर्तमानपत्रात आरोप करा असं मी सांगणार नाही. मीही ते केलं नाही. पण तुमच्या टेबलावर जे येतं त्याबद्दल प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला तुमच्या पदानंच दिला आहे.

प्रयोगशाळेत असाल तर तळाचं पाणी घ्या. नियमात नसेल तर नियमात घालायला सांगा. लेखी सांगा आणि पुन्हा सांगा. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत घ्या, उधाणाच्या नव्हे. उधाणाला पाणी जोरात खेळतं आणि सगळं चांगलं दिसतं. भांगाला प्रवाह मंद असतो, तेव्हा ब्राइन जिथल्या तिथं बसतं. ऑगस्टमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा घ्या, कारण दोन्ही ऋतूंत पाण्याचं वागणं वेगळं. तुमच्या कारखान्याच्या शेजारी आणखी किती कारखाने त्याच उथळ पुळणीवर ब्राइन सोडतात ते मोजा. पर्यावरण अहवालात प्रत्येक कारखाना स्वतःपुरता निर्दोष असतो, मी असे अहवाल वाचले आहेत. त्यातल्या बहुतेकांत शेजाऱ्याचा उल्लेख नसतो.

डिझाइनमध्ये असाल तर आउटफॉलची पाइप अरुंद खाडीत किंवा दोन बेटांच्या मधल्या सावलीत संपवू नका. खोल पाणी आणि वाहतं पाणी लागेल तिथवर ती न्या. त्याला पैसे लागतात हे मला माहीत आहे. तोंडाशी डिफ्यूजर लावून ब्राइन वरच्या दिशेनं, अनेक छिद्रांतून, जोरात सोडलं की ते तळाला बसण्याआधी मिसळतं. हे तंत्र जुनं आहे, सिद्ध आहे. २००८-०९ मध्ये आखातात लाल शेवाळाचा प्रचंड फुलोरा आला, महिनोन्महिने टिकला आणि अमिराती व ओमानमधले कारखाने बंद ठेवावे लागले, हे जुन्यांना आठवत असेल. त्याची कारणं अनेक होती. तो ब्राइनमुळे आला असं मी म्हणणार नाही. पण ज्या पाण्यात आपण टाकतो तेच आपण ओढतो, ही गोष्ट त्या दिवसांत टाक्यांची पातळी बघत बसलेल्या प्रत्येकाला कळली होती. शहरात किती दिवसांचं पाणी साठलेलं आहे याचा हिशेब आम्ही रात्री दोन वाजता करत होतो.

मंडळांनी काय करावं? तुमच्याकडे दिवाळी पहाट असते, नाटकं असतात, शाळेतल्या मुलांच्या स्पर्धा असतात. वर्षातला एक कार्यक्रम या पाण्याचा करा. तुमच्याच सभासदांत समुद्रशास्त्र जाणणारे, ड्रेजिंगवर काम करणारे, प्लांट चालवणारे लोक आहेत, त्यांना मराठीत बोलू द्या. मुलांना सबखा दाखवायला न्या, खारफुटी दाखवायला न्या. आणि घरी नळ उघडा ठेवून भांडी घासताना, गाडी धुताना, विला असेल तर हिरवळीला पाणी घालताना त्या एका लिटरमागचं दीड लिटर आठवा. आखाती देशांतला दरडोई पाण्याचा वापर जगात सर्वाधिकांपैकी आहे. वाळवंटात राहून आपण कोकणातल्यापेक्षा जास्त पाणी सांडतो. माझ्या आईनं एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ झाल्यावर दोन हंड्यांत दिवस काढलेले मी पाहिले आहेत.

शेवटी इकडचं. हा प्रश्न आता तुमच्या मागोमाग घरी येतो आहे. मुंबई महापालिकेनं मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे, दिवसाला २०० दशलक्ष लिटर आणि पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल असा. कच्छमध्ये मांडवीला दिवसाला १० कोटी लिटरच्या प्रकल्पाची पायाभरणी १५ डिसेंबर २०२० रोजी झाली. या दोन जागा एकसारख्या नाहीत आणि फरक नेमका तोच आहे जो तुम्हाला आतून माहीत आहे. मुंबईच्या किनाऱ्याला चार महिने पाऊस धुऊन काढतो, अडचण असेल ती उरलेल्या आठ महिन्यांत आणि खाडीच्या आत. कच्छचं आखात मात्र तुमच्या आखाताचं धाकटं भावंड. कोरडी हवा, अल्प पाऊस, नद्या जवळजवळ नाहीत, तोंडापेक्षा आतलं टोक जास्त खारट, तिथं क्षारता ४० च्या आसपास. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्याची मोजमापं केली आहेत आणि त्याला उलटी खाडी म्हटलं आहे. त्याच आखातात जामनगरचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासूनचं, देशातलं पहिलं, प्रवाळांसकट. तिथं सात मीटरपर्यंत चढणारी भरती पाणी ढवळून काढते, ही जमेची बाजू. पण तिथं कुठली पाइप कुठं संपावी हे ठरवणाऱ्या टेबलाशी आखातात हयात घालवलेला एक तरी माणूस बसलेला असावा.

तुमच्यापैकी अनेक जण पुढच्या पाच-दहा वर्षांत परत याल. येताना नोंदवह्या घेऊन येणं शक्य नसतं, त्या कंपनीच्या असतात आणि त्या तिथंच राहिल्या पाहिजेत. पण कुठल्या महिन्यात तळाचं पाणी जड होतं, आउटफॉलपासून किती लांब गवत मेलेलं असतं, भांगाच्या दिवशी वास कसा येतो, हे डोक्यात घेऊन या. मुंबईत जनसुनावणी लागली तर जाऊन बोला. मला बोलवा, मीही येईन.

वडिलांचा काचेचा मापक अजून माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तो घेऊन घराजवळच्या खाडीवर गेलो होतो. ओहोटीला वरचं पाणी घेतलं, मग बाटलीला दगड बांधून तळाचं घेतलं. दोन्हींत जवळपास अर्ध्या डिग्रीचा फरक आला. तुमच्या किनाऱ्यावर किती येतो ते मला कळवा.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त केमिस्ट, उरण